बांधावरून शिरलेलं शिसं

धातूंच्या पोटातल्या खोडी शोधणं हे माझं आयुष्यभराचं काम. हे मी एकदा गावी, केंदूरला, आमच्या चुलतीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजी भंगाराचा धंदा व्हय?" मी आधी रागावले, मग हसले. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरपुढे बसून पगार घेते आणि धातूला कधी हातसुद्धा लावत नाही, असं सांगितलं असतं तर भंगारवाल्याची इज्जत माझ्याहून जास्त ठरली असती.

तरी धंदा थोडा समजावून सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंड, तांबं, निकेल, कुठलाही धातू घ्या, आत अणू ओळीनं बसलेले असतात. पण एकही ओळ शेवटपर्यंत सरळ नसते. कुठे एखादा अणू जागेवर नसतो. आमच्याकडे सुगीनंतर शेतात मेंढरं बसवतात. जाळीत दाटीवाटीनं बसलेल्या मेंढरांतलं एक उठलं की शेजारचं त्याच्या जागी सरकतं, त्याच्या जागी तिसरं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की रिकामी जागाच कळपातून चालली आहे. धातूतल्या रिकाम्या जागा अशाच चालतात. कुठे अख्खी ओळच मध्ये संपते आणि तिथे एक वळी पडते. जोर लावला की ही वळी धातूतून सरकत जाते. तिला डिसलोकेशन म्हणतात. तार वळते, पत्रा वाकतो, ते ह्या वळ्या सरकतात म्हणून. धातूत दोष आहेत म्हणून तो वाकतो, आणि वाकतो म्हणून तुटण्याआधी माणसाला सावध करतो. हे कळलं तेव्हा मला माझ्या दोषांबद्दल फार बरं वाटलं होतं.

तिसरी गोष्ट बांधाची. धातू म्हणजे एक सलग शेत नाही, लहान लहान वावरांची पट्टी आहे. प्रत्येक वावरात ओळी नीट, पण शेजारच्या वावरातल्या ओळी वेगळ्या दिशेनं. दोन वावरांच्या मध्ये बांध येतो, आणि तिथे कुणाचीच शिस्त नसते. पाणी झिरपतं ते बांधावरून, तण शिरतं ते बांधावरून. धातूतही परका अणू शिरतो तो ह्याच वाटेनं.

आम्ही काय करायचो, तर कॉम्प्युटरमध्ये काही हजार अणूंची पेटी मांडायचो, कोण कोणाला किती ओढतो त्याचं गणित घालायचो आणि पेटी ताणायचो. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी अब्जाव्या हिश्शात काय घडतं, ते बघायला आमची यंत्रं आठवडाभर घुमायची. गुरुवारी वीज गेली की आठवडा पाण्यात.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. शिक्रापूरच्या एका वर्कशॉपचे मालक तुटलेला शाफ्ट मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, यात नजर लागल्याचं निघंल का हो?" मी म्हटलं, नजरेचं समीकरण अजून कुणी बसवलेलं नाही, बसलं की कळवते. ते खरंच वाट बघत राहिले असावेत, कारण वर्षभरानं फोन करून त्यांनी चौकशी केली.

असल्या गमती सांगून हा लेख संपवता आला असता. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत मी पुरती हादरले ती एकाच प्रकरणात, आणि ते सांगायचं टाळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्याचे मॅनेजर आमच्याकडे आले. आपण त्यांना बागडे साहेब म्हणू. त्यांच्याकडे निकेलची एक जाड नळी होती, तिच्यातून भट्टीसारखी तापलेली वाफ जायची. दसऱ्याच्या सुमारास कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवून ती नळी नवी बसवली, आणि थंडीत ती अचानक फुटली. समोर दत्ता टकले नावाचा ऑपरेटर उभा होता. त्याचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. जीव वाचला, पण हाताची बोटं पुन्हा धड मिटेनात.

"वेल्डिंगच फेल गेलंय," बागडे साहेब म्हणाले. "वेल्डर शेंडगेला घरी बसवलंय. तुम्ही फक्त कागदावर तसं द्या, म्हणजे आम्हाला त्याला काढता येईल." मग आवाज उतरवून म्हणाले, "वाईट म्हणजे दत्ता त्याचाच मेहुणा. सख्ख्या बहिणीचा नवरा. बहीण आता भावाला दारात उभं करत नाही."

मी नळीचा तुकडा मागितला. त्यांनी तो अभिमानानं टेबलावर ठेवला. चांदीच्या ताटासारखा चकचकीत! पुण्याला पाठवायचा म्हणून वर्कशॉपच्या लोकांनी तो तारेच्या ब्रशनं घासला होता, अ‍ॅसिडनं धुतला होता आणि वर तेलाचा हात फिरवला होता. तुटलेल्या तोंडावरचा मळ हाच आमच्या धंद्यातला साक्षीदार असतो, आणि पाहुण्यांकडे जायचं म्हणून ह्यांनी त्याला आंघोळ घातली होती. मी फार बोलले. बागडे साहेब गोरेमोरे होऊन म्हणाले, "अहो, घाणेरडी कशी पाठवायची?"

सूक्ष्मदर्शकाखाली एवढंच दिसलं की चीर वेल्डिंगच्या जोडातून गेलेली नव्हती. ती जोडाच्या शेजारून, चार बोटं बाजूनं, बांधाबांधानं आत उतरली होती. त्यातही एक चीर नव्हे, शेजारीशेजारी काही चिरा होत्या. बागडे साहेबांचं म्हणणं असं की वेल्डरनं धातू वाजवीपेक्षा जास्त तापवला आणि बांध कच्चे केले. हे अगदीच अशक्य नव्हतं. म्हणून काम सूक्ष्मदर्शकावरून माझ्या कॉम्प्युटरकडे आलं.

आधी मी निखळ निकेलची पेटी मांडली, बांधावर एक बारीक चीर दिली आणि ताण दिला. चीर थोडी उघडली, आणि मग तिच्या टोकाशी वळ्या सुटायला लागल्या. एकामागून एक डिसलोकेशन टोकातून निघून धातूत पळत होतं, टोक बोथट होत होतं, चीर जागीच थांबत होती. कितीदा पाहिलं तरी मला ते दृश्य आवडायचं. घरात काही झालं की गल्लीतली माणसं धावून येतात, तसे हे दोष धावून यायचे. मग पेटी जास्त तापवली. तरी वळ्या धावल्या. म्हणजे नुसत्या तापवण्यानं हे झालेलं नव्हतं.

मग बांधावर परके अणू पेरायला घेतले. गंधक घातलं, बांध कच्चा झाला, तरी वळ्या निघत होत्या. शेवटी शिसं घातलं, अगदी थोडं, बांधावरच्या जागांपैकी मूठभर जागी. आठवड्यानं चित्र पाहिलं आणि मला वाटलं, प्रोग्रॅममध्येच चूक आहे. ताण दिला मात्र, बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उघडला. एकही वळी निघाली नाही. मी पडद्यासमोर बसून त्यांची वाट बघत होते. कुणीच आलं नाही. सगळं तपासून पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. वाकणं हा ज्याचा स्वभाव तो धातू हूं की चूं न करता फुटला होता. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. मी उठून कॉरिडॉरमध्ये गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

आमच्या लॅबनं तुकडा कापून चिरेचं अगदी आतलं टोक तपासलं, जिथे ब्रश आणि अ‍ॅसिड पोचलं नव्हतं. तिथे शिसं निघालं.

आता प्रश्न असा की ह्या कारखान्यात शिसं आलं कुठून? त्यांच्या कुठल्याच रसायनात ते नव्हतं. मी कुरकुंभला गेले. जागा दाखवायला म्हणून बागडे साहेबांनी शेंडगेलाही बोलावून घेतलं होतं. बाळू शेंडगे चाळिशीचा, दौंडजवळच्या वाडीवरचा, धिप्पाड माणूस. मान खाली घालून एका बाजूला उभा होता. वडील मेंढरं घेऊन फिरायचे, हा घरातला पहिला कारखान्यात लागलेला. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

फुटलेल्या नळीची जोडीदार नळी शेजारीच होती. ती त्याच बंदच्या काळात बसवलेली. माझ्या सांगण्यावरून तिच्यावरचं उष्णतारोधक वेष्टण उतरवायला घेतलं. पत्रा निघाला, लोकरीसारखा थर निघाला आणि जोडाच्या शेजारी, चार बोटं अंतरावर, मला पाच पट्टे दिसले. काळपट, कडेला पिवळट तांबूस. वरून खाली ओढलेली पाच बोटं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खंडेनवमीचं हाय, मॅडम," एक फिटर म्हणाला. "पूजेची बोटं."

तेव्हा कळलं. त्या दिवशी कारखान्यात कामगारांच्या घरची माणसं येतात. बायका ताट घेऊन येतात आणि आपला माणूस ज्या यंत्रावर काम करतो त्या यंत्राची पूजा करतात. दरवर्षी नळ्या वेष्टणाखाली असतात, त्यामुळे पूजा पत्र्याची व्हायची. त्या वर्षी कारखाना बंद, वेष्टण उतरलेलं, नवं कोरं निकेल उघडं. शेंदूर म्हणजे शिशाचाच रंग. तेलात खललेला. वरून वेष्टण बसलं, हवा बंद झाली, आत तापलेली वाफ सुरू झाली. जळणाऱ्या तेलानं शेंदरातलं शिसं मोकळं केलं, आणि ते वितळून बांधाबांधानं निकेलमध्ये उतरलं. फुटलेल्या नळीवरच्या शेजारीशेजारी चिरा मला आठवल्या. मी तिथल्या लोखंडी जिन्यावर मटकन बसले.

"कुणी लावली ही?" मी विचारलं.

"बायका येतात हो, असंल कुणीतरी," बागडे साहेब म्हणाले. शेंडगेचा चेहरा राखेसारखा झाला होता.

हायवेवर एस.टी.ची वाट बघत उभी होते तेव्हा तो मागून आला. जरा लांबच थांबला.

"ताई, ती बोटं आमच्या सुनंदाची हायती."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"धाकटी भन माझी. नळ्या म्या जोडल्याल्या, दाजींची ड्यूटी तिथंच. ती म्हनली, दादा, तुझं बी काम हाय आन् यांचं बी, दोघांना बी सुखी ठेव म्हनती देवाला. कुंकू झडून जातंय म्हनून घरनं शेंदूर खलून आनला व्हता. दोन्ही नळ्यांना तिनंच लावला. म्याच दावलं तिला, हितं लाव, जोडापशी."

ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि मला त्या बाईची पाच बोटं दिसत होती. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून ओढलेली.

"तुम्ही एक करा," शेंडगे म्हणाला. "वेल्डिंगचंच लिवा."

"काय?"

"वेल्डिंग फेल गेलं म्हनून लिवा. माझी नोकरी जाईल तर जाऊ द्या, ट्रॉल्या जोडून पोट भरंल माझं. ती माझ्यावर रागावली हाय, तर रागाच्या जोरावर उभी हाय. तिला हे कळलं तर ती न्हाई ओ जगायची."

मी त्याच्यावर ओरडले. भर रस्त्यात, एस.टी.ची वाट बघणाऱ्या लोकांदेखत ओरडले. "आणि दुसऱ्या नळीचं काय? तिच्यावरही तीच बोटं आहेत. उद्या ती पुन्हा सुरू करतील. तिच्यासमोर उभा राहील तो कुणाचा दाजी नसेल का?" मला संताप आला होता तो त्याचा नव्हे. ह्या माणसाला बोल लावायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून संताप आला होता.

त्यानं गळ्यातला टॉवेल डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, "मंग नाव तेवढं लिवू नगा."

मी नाव लिहिलं नाही. पूजेच्या वेळी लावलेल्या शेंदरातलं शिसं, वेल्डिंग निर्दोष, एवढंच लिहिलं. दुसरी नळी कापून पाहिली तर तिच्याही आत चिरा अर्ध्यापर्यंत पोचल्या होत्या. एखाद्या महिन्याचीच ती सोबती होती. ते फोटो बघून बागडे साहेब कपाळाला हात लावून बसले. शेंडगे कामावर परत आला, आणि पुढच्या दसऱ्याला कारखान्याच्या गेटवर पाटी लागली: कोणत्याही नळीला शेंदूर, कुंकू, रंग, खडू लावू नये, पूजा गेटजवळच्या मांडवात होईल.

त्याच दिवाळीच्या थोडं आधी, दुपारची, एक बाई आमच्या ऑफिसात आली. काटक, रंगानं सावळी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. शिक्रापूरला एका कंपनीत पॅकिंगचं काम करते, नवऱ्याला घेऊन तिथंच खोलीत राहते, असं तिनं सांगितलं. नाव सांगण्याआधीच मी ओळखलं.

"कुरकुंभच्या बायका म्हनत्यात, शेंदरानं नळी फुटली," सुनंदा म्हणाली. "दवाखान्यात साहेब लोकांच्या तोंडून तुमचं नाव ऐकलं व्हतं. कॉम्प्युटरवर बघितलं म्हनं तुम्ही. मला दावा."

मी चाचरले. म्हटलं, अशा गोष्टींना पुष्कळ कारणं असतात, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.

"तुम्ही केंदूरच्या ना, ताई? शिक्रापुरात कळलं मला. मंग असं पुन्यावानी बोलू नगा."

मी तिला खुर्ची दिली आणि दाखवलं. आधी निखळ निकेलचं चित्र. करड्या गोळ्यांच्या ओळी, मध्ये बांध, बांधावर चीर, आणि टोकातून धावत सुटणाऱ्या वळ्या. चीर थांबली. तिनं श्वास सोडला. मग दुसरं चित्र लावलं. त्यात शिशाचे गोळे मी तांबड्या रंगात दाखवलेले होते. बांध उघडला, सरळ, आवाज न करता.

"ते मगाचे धावनारे आता कुठं गेले?"

"त्यांना निघायला वेळच मिळाला नाही. बांध त्याच्या आधीच उघडला."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं नाही, जवळ नेऊन मागे घेतलं. "ह्यातला माझा कंचा?"

आयुष्यात मला लोकांनी हजार प्रश्न विचारले. ह्या प्रश्नानं मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती रडत नव्हती. तिनं विचारलं, "दादाला ठावं व्हतं?"

मग मी सगळं सांगितलं. त्यानं वेल्डिंगचंच लिहा म्हणून माझ्यापुढे हात जोडले हेही सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "फोन लावून द्या त्याला."

मी कारखान्याच्या वर्कशॉपचा नंबर फिरवला, शेंडगेला बोलवायला सांगितलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"दादा, मी सुनंदा. … तुझं वेल्डिंग चांगलं व्हतं. … न्हाई, ऐक. म्या बघितलं हितं. म्याच केलं ते. … दादा, मानसांत हाईस ना, रडू नगं." मग तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला. "यांना घरी गेल्यावर सांगती. माझं मी सांगीन. … भाऊबीजेला ये. ताट करती. पर कुंकू तुझं तूच लावून घे. मी हात लावायची न्हाई."

तिनं रिसीव्हर ठेवला, चहा नको म्हणाली आणि शिक्रापूरची गाडी कुठून मिळते ते विचारून गेली. त्या दिवशी मी पुन्हा कॉम्प्युटर सुरू केला नाही.

दिवाळी झाल्यावर शेंडगे काही कामानं पुण्याला आला तेव्हा ऑफिसात डोकावला. मी विचारलं, गेला होतात का?

"गेलो की. दाजींनीच दार उघडलं. ती ताट घिऊन आली, कुंकवाचा करंडा माझ्याफुडं सरकावला आन् म्हनली, लाव. म्या न्हाई लावलं. म्या तिचा हात धरला ताई. सोडवत व्हती, सोडला न्हाई. पाची बोटं कुंकवात बुडवली आन् माझ्या कपाळावरनं वडली, वरनं खाली. दाजी म्हनले, आता मला बी." त्यानं गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसलं. "पुसलं न्हाई म्या ते. तसाच शेकंड शिफ्टला गेलो."